नेटवर्क गेलं म्हणजे तुम्ही नापास झालात, असं नाही



२०२० मध्ये अंतिम वर्षाची परीक्षा होणार की नाही, या एका प्रश्नात तुमचा उन्हाळाही गेला आणि पावसाळाही. आधी राज्य सरकार म्हणालं, परीक्षा नाही. ६ जुलैला यूजीसी म्हणाली, सप्टेंबरअखेरपर्यंत घ्याच. २८ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, परीक्षेशिवाय पदवी नाही. राज्याला हवी तर मुदत वाढवून मागावी. तोवर ऑक्टोबर तोंडावर आला होता.

इतके महिने टांगणीला लागल्यावर कुणाचं मन पुस्तकात रमेल? त्यात ३ जूनला निसर्ग वादळ आलं. श्रीवर्धन, म्हसळ्याकडे कित्येक दिवस वीज नव्हती. कुणाचे अब्बा आखातातली नोकरी सुटल्याने परत आलेत. कुठे एका खोलीत सहा माणसं आणि मोबाइल एकच. तरी तुम्ही मलाच विचारता, "भाई, मी आळशी झालोय का?"

नाही. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. यंत्रणा बंद पडली की आम्ही आधी बिघाड कुठे आहे ते शोधतो. तुमच्या बाबतीत बराचसा बिघाड बाहेर आहे. तो स्वतःच्या माथी मारून घेऊ नका.

ऑनलाइन पेपर चालू असताना नेट गेलं, तर घाबरू नका. वेळ लिहून ठेवा, स्क्रीनचा फोटो काढा आणि त्याच दिवशी कॉलेजला लेखी कळवा. ज्यांना परीक्षा देताच आली नाही, त्यांच्यासाठी नंतर विशेष परीक्षा घ्यावी, असं यूजीसीच्या ६ जुलै २०२०च्या सूचनांमध्येच होतं. ती मागणं म्हणजे भीक नव्हती, तुमचा हक्क होता.

आणि एक गोष्ट, जी आपल्या घरांत बोलली जात नाही. झोप उडाली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर "सब्र कर" एवढ्यावर थांबू नका. सब्र म्हणजे गप्प बसणं नव्हे. ताप आला तर आपण दुआही करतो आणि डॉक्टरकडेही जातो. मनाचंही तसंच. आज रात्री अम्मीला, आपाला, एखाद्या दोस्ताला सांगा. विद्यार्थ्यांसाठी केंद्र सरकारची 'मनोदर्पण' हेल्पलाइन आहे : ८४४८४४०६३२.

ज्यांचं बरं चाललंय, त्यांनी आज एका वर्गमित्राला फोन करावा. "अभ्यास झाला का?" असं विचारू नका. "कसा आहेस?" एवढंच विचारा आणि मग ऐकून घ्या.

अल्लाह तुम्हा सगळ्यांना आसानी देवो. आमीन.