मांजर, मेथी आणि डांबराच्या गोळ्या

आजचा विषय जरा घाणेरडा आहे. जेवता जेवता ऐकत असाल तर पॉज करा.

आमच्या घरापुढे चार वाफे आहेत. मेथी पेरली की रात्री गल्लीतली मांजरं येणार, उकरणार आणि घाण करून वर माती लोटून जाणार. आई वैतागायची, एवढंच. पण वहिनीला दिवस गेले आणि डॉक्टरांनी बजावलं: मांजराच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्माचा संसर्ग होऊ शकतो, बाळाला धोका असतो, बागेच्या मातीत हात घालू नका.

शेजारचे काका म्हणाले, "डांबराच्या गोळ्या टाक रे." मी आणल्याही. नंतर वाचलं, त्या मांजराला विषारी असतात. नाही टाकल्या.

मांजर आमच्याकडेच का येतं? त्याला कोरडी, भुसभुशीत माती लागते. म्हणजे बग मांजरात नाही, वाफ्यात आहे! पेरल्यावर वाफ्यावर कोंबड्यांची जाळी आडवी अंथरली. रोपं त्यातून वर येतात, पण उकरता येत नाही. मोकळ्या जागी विटांचे तुकडे ठेवले. मागच्या कोपऱ्यात वाळूचा ढीग केला, खास त्यांच्यासाठी. तिथली घाण मी रोज हातमोजे घालून काढतो. रोजच, कारण ती पडल्यावर त्यातले परजीवी संसर्ग करण्याजोगे व्हायला साधारण १ ते ५ दिवस लागतात.

आता मांजरं वाळूत जातात. तरी भाजी आम्ही नीट धुऊन, शिजवूनच खातो. आणि गोळ्या? कपाटात, स्वेटरांमध्ये.

तुमचा उपाय व्हॉइस नोटवर सांगा. भेटू!