एसी दिवसा चालतो, रात्री बंद पडतो

मागच्या भागात म्हणालो होतो की मोबाईलच्या बॅटरीवर बोलू. ते पुढच्या वेळी. कारण मे महिन्याचे तीन आठवडे मी तुमसरला घरी होतो आणि तिथे एका एसीने माझी जी काही इंजिनिअरिंग होती ती सगळी बाहेर काढली. आज तेच सांगतो.

जे विदर्भाबाहेरून ऐकतायत त्यांच्यासाठी आधी थोडं. भंडारा जिल्ह्यात मे म्हणजे ४५ अंश ही काही बातमी नसते. २५ मेच्या आसपास नवतपा लागतो, ते नऊ दिवस दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. आमच्याकडे खरा राजा कूलर. कोरड्या हवेत कूलरसारखी स्वस्त वस्तू नाही, हे मी आजही म्हणतो. पण आमची आजी ८१ वर्षांची आहे आणि कूलरच्या ओल्या हवेने तिला रात्रभर खोकला लागतो. म्हणून आठ वर्षांपूर्वी बाबांनी वरच्या खोलीत दीड टनाचा साधा एसी बसवला. साधा म्हणजे इन्व्हर्टर नसलेला. त्याचा कॉम्प्रेसर एक तर पूर्ण चालू, नाही तर पूर्ण बंद.

मी पोचलो तेव्हा तक्रार अशी होती : दिवसा छान चालतो. रात्री साडेआठनंतर चालता चालता सगळाच बंद पडतो, तीन मिनिटांनी परत सुरू होतो, परत बंद. पहाटे चारच्या पुढे पुन्हा शहाणा. म्हणजे आजीला झोपेची गरज असते नेमक्या त्याच वेळेत तिची खोली तापलेली. एका रात्री आईने ओला टॉवेल घेऊन तिचे पाय पुसत बसून काढली होती. मला हे फोनवर कुणी सांगितलं नव्हतं.

बाबांनी तोपर्यंत दोन मेकॅनिक आणले होते. दोघंही साहजिकच दिवसा आले. दिवसा एसी चालत होता. आमच्या ऑफिसात याला ‘माझ्या मशीनवर तर चालतंय’ म्हणतात आणि त्यावरून भांडणं होतात. पहिला म्हणाला गॅस कमी झालाय, २,८०० रुपये घेऊन गॅस भरून गेला. दुसरा म्हणाला कॉम्प्रेसर म्हातारा झाला, आता यात पैसे घालू नका, नवा घ्या. बाबा नव्याचे हप्ते विचारून आले होते.

इथे गॅसबद्दल बोलतोच, कारण हा खर्च तुमच्यातल्या अर्ध्या लोकांनी केलेला असेल. एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तांब्याच्या बंद नळ्यांमध्ये तोच गॅस वर्षानुवर्षं फिरत असतो : आत द्रवाची वाफ होताना खोलीतली उष्णता ओढतो, बाहेर वाफेचा द्रव होताना ती सोडतो. कमी झाला याचा अर्थ कुठेतरी गळती आहे. गळती न शोधता नुसता भरला, तर तो त्याच भोकातून परत जाणार. म्हणून मेकॅनिकला नम्रपणे एकच विचारायचं, “भाऊ, लीक कुठे आहे?” आणि दुसरी गोष्ट, गॅस कमी झाला की एसी थंड कमी करतो, आतल्या जाळीवर कधी बर्फ धरतो. घड्याळ बघून साडेआठला बंद पडत नाही.

मी सुरुवात स्वस्त गोष्टींपासून केली. आतली जाळी धुतली. मग गच्चीवरचं बाहेरचं युनिट उघडलं, तर मागच्या पत्र्यांमध्ये राखाडी नमदा तयार झालेला. आमच्या भागात राइस मिल्स कमी नाहीत, कोंड्याची बारीक धूळ वर्षभर उडते आणि ती त्या पत्र्यांत जाऊन बसते. उष्णता बाहेर पडायला जागाच नाही, मग कॉम्प्रेसरला दाब वाढवून चालावं लागतं. पाइपने साधं पाणी सोडून धुतलं. प्रेशर वॉशर लावू नका, ते पातळ पत्रे लगेच वाकतात. खोली जरा बरी थंड व्हायला लागली, पण रात्री पावणेनऊला एसी बंद.

मग कपॅसिटर. एकदम जोर लावून कॉम्प्रेसर फिरायला सुरुवात करतो ना, त्या धक्क्याला मदत करणारा हा डबा. आमच्यावर ५० मायक्रोफॅरॅड लिहिलेलं होतं, मीटरने ४१ दाखवलं. मी तर उडालोच. सापडला बग! तीनशेच्या आत नवीन आणला, बसवला. (मेन स्विच बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये करंट साठलेला असतो. तो कसा काढायचा हे हाताने शिकलेलं नसेल तर त्याला हात लावू नका. व्हिडिओ बघून तर अजिबात नको.) त्या रात्री एसी सकाळपर्यंत चालला. दुसऱ्या रात्रीही. मी घरात जरा मोठ्याने बोलायला लागलो होतो. बाबांना म्हणालो, नवीन एसीचे पैसे वाचवले की नाही?

तिसऱ्या रात्री पुन्हा तेच. आधीच्या दोन रात्री वादळ आलं होतं, हवा उतरली होती, गल्लीतले कूलर बंद होते. माझ्या कपॅसिटरचा त्यात वाटा होता, पण मी समजलो तेवढा नाही. बाबा काही बोलले नाहीत. ते काही बोलले नाहीत हेच जास्त लागलं.

खरा धागा आजीने दिला. मी रात्री टॉर्च घेऊन बसलो होतो, तर ती पडल्या पडल्या म्हणाली, “तो डबा पहिले टकटक करते, मंगच बंद पडते. मी रोज ऐकतो ना.” डबा म्हणजे भिंतीवरचा स्टॅबिलायझर. गेले दोन महिने तिला झोप नव्हती, त्यामुळे तिने सगळं ऐकलेलं. आणि तिला कुणी विचारलंच नव्हतं. मीसुद्धा.

स्टॅबिलायझर टकटक करतो म्हणजे आत रिले बदलून व्होल्टेज वर ढकलतोय. आमच्यावर १७० ते २७० लिहिलेलं होतं. १७०च्या खाली गेलं की तो हात वर करतो, सगळं तोडतो आणि तीन मिनिटं थांबून परत प्रयत्न करतो. म्हणजे एसी बंद पडतच नव्हता, त्याला बंद केलं जात होतं.

संध्याकाळी अख्ख्या गल्लीचे कूलर, पंखे, मोटरी लागतात, व्होल्टेज उतरतं हे सगळ्यांना माहीत आहे. मी तिथेच थांबणार होतो. पण एक मोजमाप राहिलं होतं. शेजारून दुसरा मीटर आणला. बाबांना खाली मेन बोर्डाजवळ उभं केलं, मी वर सॉकेटजवळ, दोघांच्या कानाला फोन. एसी बंद असताना बाबा म्हणाले २०८, माझ्याकडे २०७. मग कॉम्प्रेसर लागला. बाबा म्हणाले, “दोनशे दोन.” माझ्याकडे १६८.

एकाच घरात, एकाच क्षणी ३४ व्होल्टचा फरक. हे बाहेरून येत नव्हतं. हे आमच्या भिंतीत हरवत होतं.

बाबा थोडा वेळ गप्प होते. मग फोनवरच म्हणाले, “ती लाईन मी कूलरसाठी ओढली होती.” घर बांधलं तेव्हा पैसे संपत आलेले, वायरिंगचं निम्मं काम त्यांनी स्वतः वायरमनसोबत उभं राहून केलेलं. एक एमएमची वायर. कूलरला भरपूर होती. पुढे त्याच सॉकेटवर एसी लागला आणि कुणाच्या डोक्यात आलं नाही.

हिशेब सोपा आहे, बारावीचा. एक एमएम तांब्याच्या वायरचा रोध किलोमीटरला साधारण १८ ओहम. बोर्डापासून वर २२ मीटर, जाऊन-येऊन ४४. म्हणजे ०.८ ओहम. कॉम्प्रेसर सुरू होताना ३५ अँपिअरच्या आसपास ओढतो. ३५ गुणिले ०.८, २८ व्होल्ट गेले वायरीत. उरलेले सहा कुठे गेले ते सॉकेट उघडल्यावर दिसलं : आतला पितळी चिमटा काळा पडलेला, प्लास्टिक तपकिरी होऊन वितळलेलं. वरून स्टॅबिलायझर जितकं व्होल्टेज वाढवायला जातो, तितका तो मागच्या वायरीतून जास्त करंट ओढतो आणि वायर अजून खाते.

मग मी बोर्डातला एमसीबी पाहिला आणि खरंच पोटात गोळा आला. ३२ अँपिअर. आईला आठवत होतं, आधी छोटा होता, तो सारखा पडायचा, म्हणून कुणीतरी “मोठा टाकून देतो” म्हणून बदलला. एमसीबी एसीला वाचवण्यासाठी नसतो, वायरीला वाचवण्यासाठी असतो. एक एमएमच्या वायरीवर ३२चा एमसीबी म्हणजे वायर आधी तापणार, जळणार, आणि राखणदार बघत बसणार. आणि ती वायर आजीच्या पलंगामागच्या भिंतीतून गेलेली.

९ जानेवारी २०२१ची ती रात्र आमच्या जिल्ह्यात कुणी विसरलेलं नाही. भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली आणि दहा बाळं गेली. त्या दुर्घटनेची आणि आमच्या एका सॉकेटची तुलना मी करत नाहीये. पण तेव्हापासून आई रात्री कुठे जळका वास आला की उठून घरभर फिरते. वरच्या खोलीतला वास तिला दोनदा आला होता. आम्ही सगळे तिला म्हणालो होतो, भास होतोय तुला.

आणि हेही बघा. आम्ही नवीन इन्व्हर्टर एसी घेतला असता तर तो बहुतेक व्यवस्थित चालला असता. तो हळूहळू वेग घेतो, सुरुवातीचा धक्का देत नाही. टकटक थांबली असती, सगळे खूश झाले असते, आणि तेच सॉकेट, तीच वायर, तोच एमसीबी भिंतीत तसेच राहिले असते.

हे काम मी केलं नाही. लायसन्स असलेला वायरमन आणला. लग्नसराईमुळे तो तीन दिवसांनी आला, तोवर एसीची लाईन पूर्ण बंद ठेवली आणि आजीला खालच्या खोलीत हलवलं. वाळ्याची ताटी लावली, पाणी कमी मारलं, थोडी खोकली, पण निभावलं. त्याने बोर्डापासून वेगळी चार एमएमची लाईन ओढली, २० अँपिअरचा सी टाइप एमसीबी, औद्योगिक प्रकारचं धातूचं सॉकेट, अर्थिंग तपासून दिलं. सगळं मिळून ६,४०० रुपये. त्या रात्री पावणेनऊला आम्ही परत फोन कानाला लावून उभे. खाली २०१. वर १९४.

बाबांनी जुनी वायर ओढून काढली आणि गुंडाळी करून माळ्यावर ठेवली. मी म्हटलं भंगारात द्या, तांब्याचे पैसे येतील. म्हणाले राहू दे, बल्बच्या लाईनला चालते.

आजीची नवी तक्रार आहे. चोवीसवर ठेवला तरी तिला थंडी वाजते, आणि डब्याची टकटक नाही म्हणून किती वाजले ते कळत नाही म्हणते. सध्या सत्तावीसवर ठेवून पंखा हळू लावतोय.

तुमच्या घरी एसीच्या लाईनवर कितीचा एमसीबी आहे आणि वायर किती एमएमची आहे, हे आज घरच्यांना विचारून मला पाठवा. बॅटरीचा भाग पुढच्या रविवारी, नक्की.