दाबल्याशिवाय कळत नाही



या परिषदेच्या अध्यक्षपदाचा मान दिल्याबद्दल संयोजकांचा मी आभारी आहे. आज समोर डॉक्टरही आहेत आणि उपकरणं बनवणारे अभियंतेही. म्हणून दोघांच्याही हद्दीतला एकच प्रश्न घेतो: स्पर्श ओळखणाऱ्या सेन्सरनी स्तनातली गाठ कितपत सापडते?

तत्त्व साधं आहे. कर्करोगाची गाठ भोवतालच्या चरबीपेक्षा कित्येक पटींनी ताठ असते. सेन्सरची जाळी त्वचेवर दाबली की ताठ जागी दाब जास्त नोंदला जातो आणि पडद्यावर तिथे ठिपका उमटतो. या तंत्रात किरणोत्सर्ग नाही, उपकरण हातात मावतं, बॅटरीवर चालतं. गावोगाव नेता येईल, ही आशा त्यामुळेच.

खरी अडचण दाबण्यात आहे. सिलिकॉनच्या ठोकळ्यात वाटाण्याएवढा कडक मणी बसवून पाहा. तो पृष्ठभागालगत असेल तर ठिपका ठसठशीत दिसतो. तोच दोन सेंटिमीटर खाली गेला की ठिपका पसरतो, फिका होतो. म्हणून जोर वाढवावा, तर ठोकळ्याखालचं टेबल जाणवू लागतं. रुग्णाच्या शरीरात त्या टेबलाच्या जागी बरगडी असते, कोणत्याही गाठीपेक्षा कडक. तेव्हा नुसत्या दाबाच्या आकड्यावर विसंबता येत नाही. किती जोर लावला आणि ऊती किती दबली, ही दोन्ही मापं एकाच वेळी हवीत.

कसलेला हात हे हिशेब आपोआप करतो. मधल्या तीन बोटांचे मांसल भाग टेकवायचे, छोटी वर्तुळं काढायची. प्रत्येक जागी आधी हलका, मग मध्यम, मग बरगडीपर्यंत पोचणारा दाब द्यायचा. आणि उभ्या पट्ट्यांत सरकत काखेपासून छातीच्या मध्यापर्यंत एकही जागा सोडायची नाही. जर्मनीत डॉ. फ्रांक हॉफमान यांनी अंध स्त्रियांना याच कामाचं शिक्षण दिलं. बोटांना कळतील अशा खुणांच्या चिकटपट्ट्या लावून त्या गाठीची जागा नेमकी सांगतात.

अशा हाताची ताकद आपल्या मुंबईत मोजली गेली आहे. टाटा मेमोरियल रुग्णालयाने 1998 मध्ये एक चाचणी सुरू केली. दीड लाखाहून अधिक स्त्रिया, वय 35 ते 64, वस्त्यांचे 20 गट. निम्म्या गटांत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासणी केली. 2021 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तपासणीच्या गटांत रोग आधीच्या अवस्थेत सापडला. पन्नाशीपुढच्या स्त्रियांत स्तनकर्करोगाचे मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी घटले. सगळी वयं एकत्र धरली तर घट 15 टक्के दिसली, पण ती संख्याशास्त्राच्या कसोटीवर ठाम ठरली नाही.

मग आपल्या नव्या उपकरणाची तुलना कशाशी व्हायला हवी? मॅमोग्राफीशी होतेच, आणि ती व्हावी. पण जिथे मॅमोग्राफीचं यंत्रच नाही, तिथे या उपकरणाला त्या आरोग्यसेविकेच्या हातापेक्षा काहीतरी जास्त करून दाखवावं लागेल. ते दाखवलं नाही, तर आपण फुकटची गोष्ट महाग करून विकतो आहोत.

माझी सूचना अशी, की सेन्सर आधी शिकवण्याच्या कामाला लावू या. शिकणारीच्या हातमोज्यात तो बसवा. ती कुठे वरवर दाबते, कोणती पट्टी सुटते, काखेपर्यंत हात जातो की नाही, हे तिला तिथल्या तिथे दिसू द्या. हात तयार झाल्यावर तोच सेन्सर नोंद ठेवेल. मागच्या वेळी ही जागा कशी होती, हे पुढच्या तपासणीत ताडून पाहता येईल.

डॉक्टर मित्रांनाही एक सांगणं आहे. फायब्रोअ‍ॅडिनोमाची निरुपद्रवी गाठही घट्ट लागते. सेन्सर ताठपणा सांगतो, कर्करोग सांगत नाही. ते ठरवायला सोनोग्राफी आणि बायोप्सी लागते. तालुक्याला त्यांची सोय नसेल, तर आपण त्या बाईच्या हाती फक्त धास्ती देऊन येऊ.

या दोन दिवसांत निबंध वाचणाऱ्यांना माझे तीन प्रश्न राहतील: गाठ किती खोल होती, जोर किती लावला होता, आणि त्याच स्त्रीला कसलेल्या हाताने तपासलं तेव्हा काय आढळलं? तिन्हींची उत्तरं असतील त्या निबंधावर चर्चेला वेळ वाढवून देण्याचा अध्यक्षाचा अधिकार मी जरूर वापरीन.