जुन्या इमारती आणि महानगरपालिकेची परवानगी



जीर्णोद्धार काढला की जुने किती राखावे आणि नवे किती घालावे, हा वाद गावोगावी होतो. शहरात हाच प्रश्न अख्ख्या रस्त्याचा होतो व तो महानगरपालिकेपुढे जातो. मुंबईचे उदाहरण पाहण्यासारखे आहे.

कोटातील दादाभाई नौरोजी रस्ता, म्हणजे पूर्वीचा हॉर्नबी रोड. १८६० नंतर किल्ल्याचा तट पाडला गेला आणि हा रस्ता आकारास आला. इमारती निरनिराळ्या धाटणीच्या, पण तळमजल्यावर कमानींखालून पादचाऱ्यांना वाट ठेवावी, असा दंडक होता. ऊनपावसात माणूस सुखाने चालतो. पुढे दुकानदारांनी त्या कमानींवर वाटेल तशा पाट्या ठोकल्या आणि दगडी नक्षी झाकून गेली.

१९९५ साली शासनाने मुंबईसाठी वारसा नियमावली लागू केली. इमारतींच्या तीन श्रेणी ठरल्या. पहिलीत अत्यावश्यक डागडुजीखेरीज हात लावावयाचा नाही, दुसरीत आतले सोयीचे बदल चालतील, तिसरीत आणखी मोकळीक. मात्र परिसराची शोभा बिघडता कामा नये. मालकाने अर्ज करावयाचा, वारसा समितीने सल्ला द्यावयाचा आणि आयुक्तांनी निर्णय. सरकारी काम म्हटले की खेटे आलेच!

त्यानंतर या रस्त्यावरील पाट्यांना शिस्त लावली गेली. पाटी काढा असे नव्हे, तर कमानीच्या आत, ठरल्या मापात बसवा. दुकान चालू राहिले, कमानही मोकळी झाली.

खरी अडचण पैशाची. वर्षानुवर्षे गोठलेले भाडे घेणाऱ्या मालकास दगडी सज्जाची दुरुस्ती झेपत नाही. परवानगीचा कागद हाती आला तरी गवंडी फुकट येत नाही. समितीने नियम घातले, खर्चाचा वाटा मात्र बहुधा मालकाच्याच माथी राहिला. ही तक्रार रास्त आहे.

खेड्यात अशी समिती नसते. तरी जवळपास केंद्र-संरक्षित स्मारक असल्यास २०१० च्या कायदेदुरुस्तीने त्याच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम मना केले, तेथील दुरुस्तीस आणि पुढील २०० मीटरांतील बांधकामास परवानगी आवश्यक ठरवली. शिक्षेचीही तरतूद केली. म्हणून कुदळ मारण्यापूर्वी हद्द मोजून घ्यावी, जुन्या कामाची छायाचित्रे काढावीत आणि अर्जाची पोच जपून ठेवावी.