सोनेरी बुलडॉग आणि मालकीचा प्रश्न

(अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



अमेरिकेच्या महामार्गावर मॅक कंपनीची मालमोटार समोरून आली की जाणकाराची नजर प्रथम तिच्या बॉनेटवरील बुलडॉगकडे जाते. धातूचा हा छोटा कुत्रा सोनेरी असेल, तर गाडीचे इंजिन, गिअरपेटी आणि मागचे अ‍ॅक्सल ही तिन्ही मॅकच्याच घडणीची आहेत असे समजावे. तो चंदेरी असेल, तर यांपैकी काही भाग बाहेरून आणून बसवलेले आहेत. आपल्या पोटात कोणाचे काय आहे, हे इतक्या उघडपणे सांगणारे यंत्र विरळाच. परंतु ही गाडी कोणाची, ती घडवणारा कारखाना कोणाचा, आणि तिच्या फेऱ्यांतून होणारी प्राप्ती कोणाची, हे विचारले तर हा कुत्रा काहीच सांगू शकत नाही. तो इतिहास अन्यत्र शोधावा लागतो, आणि तो शोधण्याजोगा आहे.

या कंपनीचा संस्थापक जॅक मॅक हा पेन्सिल्वेनियातील एका जर्मन वंशाच्या शेतकऱ्याचा मुलगा. लहान वयात घर सोडून तो खेचरांच्या गाड्या हाकू लागला. म्हणजे ज्या धंद्यासाठी पुढे त्याने यंत्र बनवले, त्या धंद्यात तो स्वतः गाडीवान म्हणून राबलेला होता. पुढे त्याने आणि त्याच्या भावाने न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात घोडागाड्या बांधणारा एक छोटा कारखाना विकत घेतला. १९०० साली त्यांची पहिली मोटारबस ब्रुकलिनमधील प्रॉस्पेक्ट पार्कमध्ये सहलीची माणसे घेऊन फिरू लागली. १९०५ मध्ये या भावांनी आपले बिऱ्हाड पेन्सिल्वेनियातील अ‍ॅलनटाउन येथे हलवले आणि ते गाव मॅकचे गाव म्हणून ओळखले जाऊ लागले.

येथवरची कथा भांडवलदारी पाठ्यपुस्तकात शोभणारी आहे. पुढचा भाग मात्र त्या पुस्तकांत बहुधा चार ओळींत आटोपला जातो. १९११ साली मॉर्गन पेढीच्या साहाय्याने मॅक आणि सॉरर या दोन कंपन्या एकत्र करून ‘इंटरनॅशनल मोटर कंपनी’ उभी राहिली. कारभार सावकारांच्या माणसांकडे गेला आणि थोड्याच काळात जॅक मॅक आपल्याच नावाच्या धंद्यातून बाहेर पडला. पहिली बस रस्त्यावर आल्याला तेव्हा जेमतेम बारा वर्षे झाली होती. १९२४ मध्ये मोटारीच्या अपघातात त्याचे निधन झाले. त्याच्या दोनच वर्षे आधी कंपनीने ‘मॅक ट्रक्स’ हे नाव धारण केले होते. माणूस गेला आणि नाव उरले, कारण नावाला बाजारात किंमत होती.

ही किंमत प्रामुख्याने एका गाडीने मिळवून दिली. १९१६ च्या एसी नमुन्याचे बॉनेट बोथट व उतरते होते, रेडिएटर इंजिनाच्या मागे होता, आणि चाके साखळीने फिरत. पहिल्या महायुद्धात चिखलाने भरलेल्या आघाडीवर ही गाडी ब्रिटिश सैनिकांनी पाहिली आणि तिला बुलडॉग म्हटले. हे नाव असे बिनपगारी माणसांनी दिलेले आहे. जाहिरातखात्याने ते नंतर उचलले. १९३२ मध्ये कंपनीचे मुख्य अभियंता आल्फ्रेड मेसुरी रुग्णालयात शस्त्रक्रियेनंतर पडून होते. तेथे रिकामे हात स्वस्थ बसेनात, म्हणून त्यांनी एक कुत्रा कोरला. तोच पुढे बॉनेटवर बसला. (मेसुरी स्वतः पुढल्याच वर्षी ‘अ‍ॅक्रन’ या नौदलाच्या हवाई जहाजाच्या अपघातात गेले.) कोलोरॅडो नदीवरील हूवर धरणाच्या कामावर मॅकच्या गाड्यांनी दगड वाहिले. अमेरिकन इंग्रजीत दणकट माणसाला आजही मॅक ट्रकची उपमा देतात.

ही उपमा पोकळ नव्हे, हे चालकाच्या बाजूने पाहिले म्हणजे पटते. यंत्र चांगले असणे म्हणजे काय, याचा निवाडा शेवटी ते दिवसभर चालवणाऱ्याच्या खांद्यांनी आणि कमरेने करावयाचा असतो. १९५३ मध्ये आलेल्या बी नमुन्याच्या पुष्कळ गाड्यांना दोन गिअरदांडे असत. घाट चढताना चालक एक हात चाकात अडकवून दुसऱ्या हाताने एक दांडा आणि त्याच हाताने लगोलग दुसरा दांडा ओढी. या कसरतीचा चालकांना अभिमान वाटे, पण ती मेहनत होती. १९६६-६७ च्या सुमारास मॅकने मॅक्सिडाइन नावाचे डिझेल इंजिन आणले. इंजिनाच्या फेऱ्या बऱ्याच उतरल्या तरी त्याची शक्ती फारशी उतरत नसे, आणि त्यामुळे केवळ पाच गिअरांवर भरलेली गाडी चालवता येई. त्या काळी इतर गाड्यांना दहा आणि त्याहून अधिक गिअर लागत. तंत्रज्ञानाने श्रम हलका केल्याचे हे शुद्ध उदाहरण आहे, आणि ते मान्य करण्यात समाजवाद्याने कृपणता दाखवू नये.

सोनेरी कुत्र्याला दुसरी बाजूही होती. सर्व काही एकाच घरचे, म्हणून सुटे भागही त्याच घरचे. विक्रेत्याची कार्यशाळा जवळ असली तर सुख. नसली तर गाडी उभी. शेजारच्या माणसाच्या गाडीत बाहेरचे इंजिन असे, त्याचे भाग गावोगाव मिळत. आजच्या गाड्यांत हा प्रश्न निराळ्या रूपाने आला आहे. २००७ आणि २०१० च्या प्रदूषण-नियमांनंतर डिझेल गाड्यांवर धूर शुद्ध करणारी गुंतागुंतीची यंत्रणा आली, तिच्यावर संगणकाचा पहारा बसला, आणि दोष कोठे आहे हे कळण्यासाठीसुद्धा कंपनीची प्रणाली असलेल्या कार्यशाळेत जावे लागते. नियम योग्यच होते. माणसाच्या फुप्फुसांचा प्रश्न होता. परंतु पूर्वी मालक रस्त्याच्या कडेला पान्हा घेऊन गाडीखाली शिरत असे आणि दुरुस्त करून निघत असे. आता गाडीची कागदपत्रे त्याच्या नावाची असली तरी तिचा दोष वाचण्याचे साधन त्याच्या हाती नाही.

आता कारखान्याकडे वळू. १९६७ साली मॅक कंपनी सिग्नल या उद्योगसमूहाने घेतली. १९७९ मध्ये फ्रान्सच्या रेनोने तिच्यात लहानसा हिस्सा घेतला, १९८३ मध्ये तो बराच वाढवला आणि १९९० मध्ये संपूर्ण कंपनी आपल्याकडे घेतली. हा तपशील समाजवाद्यांनी विशेष लक्षात ठेवावा. कारण त्या काळी रेनो ही फ्रेंच सरकारच्या मालकीची कंपनी होती. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस तिचे राष्ट्रीयीकरण झालेले होते. राष्ट्रीयीकृत उद्योग हा मॅकचा सर्वांत मोठा भागधारक असतानाच अ‍ॅलनटाउनच्या कामगारांपुढे पेचप्रसंग उभा राहिला. कंपनीने वेतनात सवलती मागितल्या. कामगारांची संघटना युनायटेड ऑटो वर्कर्स हिच्याशी बोलणी फिसकटली. कंपनीने मुख्य जोडणी-कारखाना बंद करून ते काम दक्षिण कॅरोलायना राज्यातील विन्सबरो या गावी नेले, कारण त्या राज्याचे कायदे संघटनेला प्रतिकूल होते. १९८७ मध्ये तेथे गाड्या निघू लागल्या. पॅरिसच्या सरकारी कचेरीत कामगार-सहभागाची भाषा होत होती, आणि अटलांटिकपलीकडे त्याच भांडवलाची कंपनी स्वस्त मजुरीच्या शोधात दक्षिणेकडे जात होती. सरकारी मालकी म्हणजे सामाजिक मालकी, हे समीकरण आपल्या चळवळीत पुष्कळदा तपासल्यावाचून मांडले गेले. मॅकच्या अनुभवाने ते तपासले पाहिजे.

विन्सबरोतही काही वर्षांत संघटना उभी राहिली. २००१ मध्ये रेनोकडून मॅक स्वीडनच्या व्होल्व्होकडे गेली. २००२ मध्ये विन्सबरोचा कारखाना बंद झाला. २००९ मध्ये मुख्य कचेरीही अ‍ॅलनटाउनमधून उठून उत्तर कॅरोलायनातील ग्रीन्सबरोला गेली. गाड्या मात्र आजही अ‍ॅलनटाउनजवळच्या मॅकन्जी येथील कारखान्यात तयार होतात. सोनेरी कुत्रा अजून बसतो. त्याखालचे इंजिन मूळ व्होल्व्होच्या घरातले असते.

तयार गाडी विकली गेल्यावर काय होते? तिचा एक ग्राहक म्हणजे मोठी वाहतूक कंपनी, नगरपालिका किंवा बांधकामाचा ठेकेदार. दुसरा ग्राहक म्हणजे एकच गाडी बाळगणारा मालक-चालक. अमेरिकेच्या लोककल्पनेत हा दुसरा माणूस म्हणजे स्वातंत्र्याचा पुतळा. तो कोणाचा नोकर नाही आणि त्याच्यावर कोणाची हुकमत चालत नाही, असे समजले जाते.

१९३५ च्या कायद्याने मालमोटार-वाहतुकीचे दर आणि मार्ग यांवर सरकारी नियंत्रण होते. त्या चौकटीत टीमस्टर्स संघटनेने १९६४ मध्ये देशव्यापी वेतनकरार केला. त्याखाली चार लाखांवर कामगार आले. मालक-चालक या छत्राच्या बहुतांशी बाहेरच होते. १९७३ च्या अखेरीस तेलाची टंचाई आली, डिझेल महागले, वेगमर्यादा उतरली, तेव्हा याच लोकांनी महामार्गांवर गाड्या आडव्या लावल्या, आणि १९७९ मध्ये पुन्हा. हे बंद फार दिवस टिकवणे अवघड होते, कारण उभ्या गाडीचा हप्ता थांबत नाही. संपावरील कामगाराचा पगार बुडतो. बंदमधील मालक-चालकाचा पगार बुडतो आणि वर देणेही वाढते. १९८० मध्ये अध्यक्ष कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने दरनियंत्रणाची पकड सैल झाली. नव्या, बिनसंघटनेच्या कंपन्यांची गर्दी झाली, भाडी उतरली आणि टीमस्टर्सचा तो मोठा करार वर्षांगणिक आक्रसत गेला. ऑगस्ट २०२३ मध्ये यलो ही जुनी कंपनी दिवाळखोरीत गेली, तेव्हा सुमारे बावीस हजार टीमस्टर्स रस्त्यावर आले.

याच बदललेल्या बाजारात एक नवा करार रुजला. गाडी मॅकची असो वा अन्य बनावटीची, त्याची रीत एकच. वाहतूक कंपनी चालकाला म्हणते, नोकरी कसली करतोस, मालक हो. गाडी कंपनीच देते. हप्ता, विमा, डिझेल, दुरुस्ती, टायर हे सारे त्याच्या कमाईतून दर आठवड्याला कापले जाते. माल त्याच कंपनीचा वाहावयाचा. कोणती फेरी द्यावयाची, हे कंपनीने ठरवावयाचे. फेऱ्या कमी झाल्या की आठवड्याच्या हिशेबपत्रकावर शेवटी उणे आकडा येतो, म्हणजे सत्तर तास गाडी हाकून चालकच कंपनीचे देणे लागतो. तो आजारी पडला वा कंटाळून निघाला तर गाडी परत जाते, भरलेले हप्ते बुडतात, आणि तीच गाडी दुसऱ्या होतकरू मालकाच्या गळ्यात पडते. आपल्याकडे सावकाराच्या वहीत जमीन कुळाच्या नावे आणि पीक सावकाराच्या घरी असे, त्याहून ही रीत फार वेगळी नाही. फरक इतकाच की कुळाला कोणी उद्योजक म्हणत नसे.

लॉस एंजेलिस आणि लाँग बीच या बंदरांवर २००८ साली धूर कमी करण्यासाठी जुन्या गाड्या हद्दपार करण्याचा कार्यक्रम सुरू झाला. हेतू चांगला होता. लॉस एंजेलिसने अशीही अट घातली होती की वाहतूक कंपन्यांनी चालकांना रीतसर नोकर म्हणून ठेवावे. ही अट २०११ मध्ये संघराज्याच्या अपील न्यायालयाने रद्द केली. नव्या गाड्यांची अट राहिली, नोकरीची गेली. परिणामी महागड्या नव्या गाड्यांचे कर्ज अशाच करारांनी अनेक चालकांच्या डोक्यावर आले. हवा स्वच्छ झाली, पण तिचे मोल ज्याने भरले त्याची खाती आजही पाहण्यासारखी आहेत.

मग या माणसांनी एकत्र का येऊ नये? येथे कायद्याची गंमत आहे, आणि ती कडू आहे. मालक-चालक कागदोपत्री स्वतंत्र व्यापारी असल्यामुळे, दहा जणांनी जमून अमुक दराखाली माल उचलणार नाही असे ठरवले, तर तो व्यापाऱ्यांनी भाव ठरवण्याचा कट मानला जाऊ शकतो. ज्या मक्तेदारीविरोधी कायद्याची सुरुवात १८९० मध्ये बड्या ट्रस्टांना आवरण्यासाठी झाली, त्याची भीती एका गाडीच्या मालकाला दाखवता येते. न्यायालयांनी काही झरोके उघडले आहेत. २०१९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एका चालकाच्या खटल्यात असे ठरवले की, करारात ‘स्वतंत्र कंत्राटदार’ लिहिले असले तरी वाहतूक-कामगाराला सक्तीच्या लवादाकडे ढकलता येणार नाही. जानेवारी २०२५ मध्ये सरकारने नेमलेल्या एका कार्यगटाने भाडेपट्ट्याने गाडी विकण्याची ही पद्धत कायद्यानेच बंद करावी, अशी शिफारस केली. शिफारस आणि कायदा यांत किती अंतर असते, हे या श्रोत्यांना सांगावयास नको.

आता एक तुलना. ऑक्टोबर २०२३ मध्ये मॅकच्या सुमारे चार हजार कामगारांपुढे वेतनकराराचा मसुदा आला. संघटनेच्या नेतृत्वाने त्याची प्रशंसा केली होती. कामगारांनी गुप्त मतदान करून ७३ टक्के मतांनी तो फेटाळला आणि पेन्सिल्वेनिया, मेरीलँड व फ्लोरिडा या तीन राज्यांत ते संपावर गेले. पाच आठवड्यांहून अधिक काळ सोनेरी कुत्रा एकाही नव्या बॉनेटवर चढला नाही. या चार हजारांपैकी एकाच्याही नावावर कारखान्यातील एक खिळा नव्हता. ज्याच्या नावावर तेथून निघालेली अख्खी गाडी आहे, तो मात्र ती एक आठवडा उभी करण्यास धजत नाही.

या संपातून मिळालेल्या बळाचीही मर्यादा आहे. एप्रिल २०२४ मध्ये व्होल्व्होने मेक्सिकोत मॅक आणि व्होल्व्हो गाड्यांसाठी मोठा कारखाना बांधण्याची घोषणा केली. एप्रिल २०२५ मध्ये मागणी घटली व आयातकरांमुळे अनिश्चितता आली असे कारण देऊन मॅकन्जीच्या कारखान्यातून अडीचशे ते साडेतीनशे कामगार कमी करण्याचे जाहीर झाले. ज्यांनी सतरा महिन्यांपूर्वी संप संपवून पुन्हा जोडणीच्या रांगेत पाय ठेवला होता, त्यांच्यापैकी कोणाचे नाव त्या यादीत असेल, हे ठरवण्याचे मतदान कोणी घेतले नाही.