चोविसाव्या हिश्श्याची काँटेसा
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी कार्यक्रमात झालेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून भाषा, संस्कृती, संतवाङ्मय अशा भारदस्त विषयांवर बोलावे, असा प्रघात आहे. आम्ही मात्र बाहेर टेबलावर ठेवलेल्या त्या मोटारीविषयी बोलणार आहोत. पुठ्ठा, लाकूड, औषधांची वेष्टने आणि जुन्या चपला यांतून घडलेली, सुमारे एकोणीस सेंटिमीटर लांबीची, किरमिजी रंगाची ती काँटेसा आपल्यापैकी अनेकांनी येताना पाहिली असेलच. ‘कुठून आणली?’ असे आम्हांला आतापर्यंत सात-आठ जणांनी विचारले. ती आणलेली नाही, केलेली आहे. कशी केली आणि किती पैशांत केली, एवढेच आज सांगावयाचे आहे.

प्रतिकृतीचे शास्त्र परदेशातून आले, असे आपण समजतो. परंतु दिवाळीच्या सुटीत दगड, माती आणि पोते घेऊन अंगणात किल्ला उभारणारे मराठी मूल हेच शास्त्र गिरवीत असते. त्याची फजिती होते ती एकाच ठिकाणी. त्याच्या किल्ल्यावर महाराज बुरुजाहून उंच असतात, आणि दरवाजावरचा मावळा आत शिरू म्हणेल तर त्याला रांगत जावे लागते. हळिवाचे शेत मात्र फार सुंदर उगवते. मुलाच्या किल्ल्याला हे शोभते, कारण तेथे महाराज मोठे असणेच योग्य. पण ज्या क्षणी आपण ‘प्रतिकृती’ हा शब्द उच्चारतो, त्या क्षणी एकच प्रमाण पत्करावे लागते आणि ते शेवटच्या खिळ्यापर्यंत पाळावे लागते. मोटारींच्या प्रतिकृतींत हे प्रमाण बहुधा चोवीसास एक असते. एका फुटाला अर्धा इंच, इतका साधा हा हिशेब आहे. अमेरिकेत पंचवीसास एक हेही प्रमाण रूढ आहे. तेथे नव्या मोटारीच्या जाहिरातीसाठी विक्रेत्यांकडे प्लॅस्टिकच्या छोट्या गाड्या ठेवीत. त्या करणाऱ्या ए.एम.टी. या कंपनीने १९५८ साली तसल्याच गाड्यांचे सुटे भाग डबीत भरून मुलांना विकावयास आरंभ केला, आणि ते प्रमाण घरोघर पोहोचले.

या डब्यांतून सर्वाधिक प्रिय ठरल्या त्या ‘मसल कार’, म्हणजे पैलवानी मोटारी. मध्यम आकाराच्या, बेताच्या किमतीच्या गाडीत अवाढव्य इंजिन बसवावयाचे, ही त्यामागील युक्ती. १९६४ च्या पाँटिॲक जी.टी.ओ.मध्ये जवळजवळ ६.४ लिटरचे, ३२५ अश्वशक्तीचे इंजिन होते. १९६८ साली प्लिमथने ‘रोडरनर’ काढली. तिच्यातील चैनीच्या वस्तू काढून टाकून किंमत खाली आणली होती. हॉर्न मात्र व्यंगचित्रपटातील पक्ष्यासारखा ‘बीप बीप’ करणारा मुद्दाम ठेवला होता. पुढे धुरावरचे निर्बंध आले, विम्याचे हप्ते वाढले, आणि १९७३ च्या तेलसंकटाने या पैलवानांचा खुराकच तोडला.

आपल्याकडे पैलवान आला तो उशिरा, आणि तोही उपाशी. ब्रिटनमधील व्हॉक्सहॉल ही कंपनी १९२५ पासून अमेरिकेच्या जनरल मोटर्सच्या मालकीची होती. तिच्या १९७२ च्या व्हिक्टर गाडीवरून हिंदुस्थान मोटर्सने बंगालमधील उत्तरपाडा येथे १९८४ साली काँटेसा काढली. लांब बॉनेट, चार गोल दिवे, रुंद बैठक. देह थेट अमेरिकन वळणाचा. आत मात्र ॲम्बॅसडरचेच १४८९ घनसेंटिमीटरचे, पन्नासएक अश्वशक्तीचे इंजिन! भीमाला बकासुराच्या गाड्यासमोर बसवून हाती उपासाची राजगिऱ्याची वडी द्यावी, तसा तो प्रकार होता. दशकाच्या उत्तरार्धात जपानी इसुझूचे १.८ लिटरचे इंजिन आणि पाच गिअर मिळाले, तेव्हा कोठे तिच्या देहाला साजेसा जीव आला. २००२ साली तिचे उत्पादन थांबले. (भिलाईचे पोलाद तिच्या अंगात असेल काय, असे एका बालमित्राने विचारले. नसावे. आपला कारखाना रूळ, जाड प्लेटा, वायर रॉड आणि बांधकामाचे पोलाद काढतो. मोटारीचा पातळ पत्रा राउरकेला-बोकारोकडचा. आपल्या रुळांवरून तो पत्रा गेला असेल, एवढे म्हणावयास हरकत नाही.)

बाहेर ठेवलेली प्रतिकृती कोणत्याही काँटेसाची नाही. ती एका विशिष्ट गाडीची आहे. आपल्या मंडळाचे एक दिवंगत सभासद, ज्यांचे नाव येथे घेतलेले वहिनींना आवडणार नाही, त्यांनी १९९० नंतर ती जुनी विकत घेतली होती. ती थनौदहून मंडळाचा गणपती आणी. राजनांदगाव, बागनदी, साकोली, भंडारा करीत ती कित्येक कुटुंबांना नागपूरच्या लग्नांना घेऊन गेली. बागनदीचा पूल ओलांडला की मागच्या बाकावरून ‘आलं महाराष्ट्र’ अशी आरोळी उठे, हे आजही काहींना आठवत असेल. ते गेल्यावर गाडी काही वर्षे क्वार्टरपुढे उभी राहिली. अखेर चालविणारे कोणी नाही आणि सुटे भाग मिळत नाहीत, म्हणून ती भंगारात गेली. वहिनी आता पुण्याला मुलीकडे कायमच्या जावयास निघाल्या आहेत. नेता येईल अशी ती गाडी असती तर बरे झाले असते, असे त्या एकदा सहज बोलून गेल्या. त्या वाक्यातून हे सारे उद्भवले.

आम्ही कलाशाखेचे पदवीधर आणि फायलींत हयात घालविलेले. आमच्या हाती खरे कसब नव्हते. ते होते आमच्या एका ज्येष्ठ स्नेह्यांच्या हाती. कारखान्याच्या पॅटर्न शॉपमध्ये ओतकामासाठी लाकडी नमुने करण्यात त्यांची तीस-बत्तीस वर्षे गेली. पोलाद थंड होताना सुमारे दोन टक्के आकसते. म्हणून नमुना तेवढा मोठा घडवावा लागतो, आणि त्यासाठी या मंडळींची फूटपट्टीच वेगळी असते. तिच्यावरील इंच आपल्या इंचाहून किंचित मोठा. असा मनुष्य चोविसाव्या हिश्श्याला भिणारा नव्हे.

पहिले काम मापे मिळविण्याचे. हाती तीनच छायाचित्रे होती. काँटेसाच्या पुढल्या-मागल्या चाकांच्या आसांतील अंतर १०५ इंच, म्हणजे २६६७ मिलिमीटर. त्याचा चोविसावा हिस्सा १११ मिलिमीटर. बाजूने काढलेल्या छायाचित्रात हेच अंतर ६२ मिलिमीटर भरले. म्हणजे छायाचित्रातील प्रत्येक मापाला १.७९ ने गुणले की प्रतिकृतीचे माप मिळते. बॉनेट २९ भरले, तर ५२ चे करावे. शालेय त्रैराशिक, दुसरे काही नाही. मात्र छायाचित्र लांबून आणि अगदी बाजूने काढलेले हवे. जवळून काढलेल्या चित्रात गाडीचे नाक माणसाच्या नाकासारखेच वाजवीपेक्षा मोठे येते. आमच्या तीनांपैकी दोन चित्रांत गाडीपुढे कुटुंब उभे होते. एकात गणपती होता, आणि त्याच्या मखराने मागचे चाक झाकले होते.

शरीर घडविले ते पॅकिंगच्या खोक्यातील देवदाराच्या फळ्या चिकटवून केलेल्या ठोकळ्यातून. पुठ्ठ्याचे उभे-आडवे छेद कापून ते ठोकळ्यावर टेकवीत जावयाचे आणि जेथे फट दिसत नाही तेथे लाकूड उतरवावयाचे, ही त्यांची जुनी रीत. आतून पटाशीने पोकळ केले. छपराचे खांब लग्नपत्रिकेच्या जाड कार्डाचे. काचांना जुना एक्स-रे. गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून त्यावरील थर घासून काढला की पारदर्शक पट्टी उरते, आणि तिला मुळातच निळसर झाक असते. उन्हाची फिल्म लावल्यासारखी दिसते. टायर हवाई चपलेच्या तळव्यातून नळीने ठोकून काढले, प्रत्येकी सव्वीस मिलिमीटरचे. चाकांच्या वाट्या इंजेक्शनच्या लहान बाटल्यांच्या ॲल्युमिनियमच्या झाकणांच्या. पुढल्या चार दिव्यांसाठी टिचबटणांच्या वाट्या आणि त्यांत अराल्डाइटचा एकेक थेंब. बंपर व जाळीवरील चकाकी गोळ्यांच्या पाकिटाच्या वर्खाची. तो दातकोरणीने घासून बसवावा, नखाने नव्हे.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगतो, कारण स्वस्तात काम करणारा याच ठिकाणी फसतो. खरे साहित्य छोट्या आकारात खरे दिसत नाही. बैठकींना कापड लावावे असे प्रथम कोणालाही वाटेल. परंतु पातळ कापडाच्या विणीतील तिसरा हिस्सा मिलिमीटर हा चोवीसपट केला की आठ मिलिमीटर होतो. म्हणजे मोटारीत सुंभाच्या बाजा घातल्याप्रमाणे दिसते. रंगविलेला कागदच तेथे कापड वाटतो. रंगाचेही तेच. खऱ्या गाडीवरचा रंग मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याइतका जाड धरला, तर प्रतिकृतीवर तो चार मायक्रॉनचा हवा. ते मनुष्याच्या हातून होणारे नव्हे. तरी जितका पातळ देता येईल तितका द्यावा, नाहीतर दारांच्या फटी बुजतात आणि गाडी साबणाच्या वडीसारखी दिसू लागते. वजनाची कथा त्याहून मौजेची. लांबी चोवीसपट, तर वजन चोवीसाचा घन, १३,८२४ पट. बाराशे किलोंच्या गाडीची प्रतिकृती ८७ ग्रॅमची व्हावयास हवी. आमची १४० भरली. म्हणजे या हिशेबाने वहिनी पुण्याला जवळजवळ दोन टनांची काँटेसा घेऊन जाणार!

रंगापूर्वी वाद झाला, आणि तो किरकोळ नव्हता. त्या गाडीच्या मागल्या डाव्या दारावर एक पोचा होता. थनौदच्या गर्दीत बैलगाडीची धुरी लागली होती, आणि मालकांनी तो कधी काढून घेतला नाही. वहिनींनी निरोप पाठविला की पोचा राहू द्यावा. आमच्या स्नेह्यांनी साफ नकार दिला. सदोष नमुना शॉपबाहेर जाऊ द्यावयाचा नाही, या एका नियमावर त्यांचे आयुष्य गेले होते. नवीकोरी गाडी केली तर तीही प्रमाणातच असेल, मग ओरखडे जपण्याचा अट्टाहास कशाला, हा त्यांचा प्रश्न. आमचे म्हणणे असे की, निर्दोष काँटेसा करावयाची तर ती कोणाचीही गाडी होईल. कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या गाडीला मालक नसतो. आठ दिवस काम बंद राहिले. वहिनींच्या तिकिटाची तारीख तर ठरलेली होती. नवव्या दिवशी सकाळी स्नेह्यांचा दूरध्वनी आला. पोच्याचे माप किती, एवढेच त्यांनी विचारले. तिसऱ्या छायाचित्रावरून आम्ही ते काढले: रुंदी बारा सेंटिमीटर, खोली अदमासे एक. म्हणजे प्रतिकृतीत पाच मिलिमीटर रुंद आणि अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी खोल. पेनाच्या टोपणाभोवती पॉलिश पेपर गुंडाळून त्यांनी तो इतक्या निगुतीने उतरविला की, प्रकाश तिरपा पडल्याशिवाय दिसत नाही. खऱ्या गाडीवरही तो तसाच दिसे.

रंग सुपेल्यातील एका गाड्या रंगविणाऱ्या कारागिराने दिला. दुसऱ्या कोणाच्या कामातून उरलेला वाटीभर ड्युको त्याने थिनर घालून दुधासारखा पातळ केला, आणि धूळ बसू नये म्हणून फरशीवर पाणी शिंपडून पाच हात मारले. प्रत्येक हातानंतर हजार नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून फिरविला. पैसे विचारले तेव्हा, ‘एतका कन गाड़ी के का पइसा?’ असे म्हणून तो हसला. दारांच्या फटींतून शेवटी पाण्यासारखा पातळ काळा रंग सोडला आणि वरचा लगेच पुसून घेतला. या एका कृतीने दारे उघडतील असे वाटू लागते. उघडत नाहीत; मुलांनी कृपया प्रयत्न करू नये.

एकूण खर्च सहाशे चाळीस रुपये. त्यांतील निम्म्याहून अधिक पॉलिश पेपर, अराल्डाइट आणि पुट्टी यांवर गेले. परदेशी डब्याला याच्या कितीतरी पट मोजावे लागतात, आणि त्या डब्यात हा पोचा मिळत नाही.

शेवटचे काम नंबरपाटीचे. पाचशे मिलिमीटरची पाटी येथे एकवीस मिलिमीटरची झाली. त्या काळच्या खासगी गाड्यांप्रमाणे काळ्या पाटीवर पांढरी अक्षरे, तीही एका केसाच्या कुंचल्याने. काल सजावट चालू असता एका मुलाने विचारले, ‘गाडी दुर्गची, मग सी.जी. ०७ का नाही, एम.पी. का लिहिलंय?’ छत्तीसगड राज्य २००० साली झाले आणि ही गाडी त्याआधीची, हे त्याला समजावून सांगितले. ते ऐकून वहिनी म्हणाल्या, आमचं लग्न होऊन आम्ही इथं आलो तेव्हा सगळ्याच पाट्या एम.पी.च्या होत्या.

प्रदर्शन उद्या रात्रीपर्यंत आहे. परवा ही गाडी बुटांच्या खोक्यातून पुण्यास रवाना होईल. पुढील शनिवारपासून मंडळाच्या मागल्या खोलीत आमचे स्नेही मुलांना घेऊन कुर्ल्याची प्रीमियर पद्मिनी करावयास बसणार आहेत. काळी-पिवळी टॅक्सी करावयाची, असे मुलांनीच ठरविले आहे. मुंबईच्या रस्त्यांवरून ती ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली, तेव्हा मापे घ्यावयास खरी गाडी मिळणे कठीण. कोणाच्या घरी तिच्यापुढे उभे राहून काढलेले जुने छायाचित्र असेल तर ते आणावे. शक्यतो बाजूने काढलेले. टिचबटणे, रिकाम्या रिफिली आणि झिजलेल्या हवाई चपलाही चालतील. चपला मात्र धुऊन आणाव्यात.