मोठा कोणाला म्हणावे?



आज एका लहानशा शब्दाविषयी बोलायचे आहे. तो शब्द म्हणजे 'मोठा'. आपण नेहमी म्हणतो, "अमक्याचा पोरगा मोठा झाला हो!" मोठा झाला म्हणजे काय झाला? नागपूरला नोकरी लागली. सिमेंटचे घर झाले. दारात गाडी उभी राहिली. आणि जो गावात राहून धान पिकवतो, म्हाताऱ्या आईला सांभाळतो, त्याच्याविषयी काय म्हणतो? "त्याचं काही झालं नाही."

नोकरी वाईट नाही. पैसाही वाईट नाही. कोठीत धान नसेल तर कोणाचा उपदेश गोड लागत नाही. पण मोजायचे माप एवढे एकच आहे का?

मी शाळेत होतो तेव्हा कितीतरी बाप विचारायचे, "गुरुजी, माझा पोरगा नाव काढील का?" चांगला प्रश्न आहे. नाव कोणाचे राहते, ते पाहू.

आपला मुलूख तलावांचा. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांत हजारो जुने तलाव आहेत. गोंड राजांच्या काळात कोहळी लोकांनी यातले पुष्कळ तलाव बांधले. यंत्र नव्हते, सिमेंट नव्हते. जमिनीचा उतार डोळ्यांनी पाहायचा आणि मातीची पाळ घालायची. जो तलाव बांधील त्याला राजा जमिनीचा हक्क देई, असे सांगतात. म्हणजे बांधणाऱ्याचा त्यात लाभ होता. असू द्या. आपल्या लाभाबरोबर खालच्या दहा शेतांत पाणी जात असेल, तर तो लाभ चांगलाच.

गोंदिया जिल्ह्यातला नवेगाव बांध तुम्ही ऐकला असेल, कोणी पाहिलाही असेल. तो कोलू पाटील कोहळी याने अठराव्या शतकाच्या आरंभी बांधला, असे सांगतात. म्हणजे सुमारे तीनशे वर्षे झाली. भोवती सात डोंगर आहेत. त्यांना सात बहिणी म्हणतात. या बहिणींनी कोलूला बांध घालायला हात दिला, अशी गोष्ट आहे. लोकांनी पुढे कोलूला देव मानले. कोलासूर देव म्हणून त्याचे ठाणे तिथे आहे.

आता बघा. कोलूचे घर केवढे होते? त्याच्या पोरीच्या लग्नात किती पंगती उठल्या? कोणाला ठाऊक नाही, आणि कोणी विचारतही नाही. त्याने अडवलेले पाणी तेवढे लक्षात राहिले.

पण आणखी एक गोष्ट बघा. एवढी पाळ काय एकट्या कोलूने घातली? माती खणणारे होते. टोपल्या वाहणाऱ्या बाया होत्या. त्यांची नावे कुठेच नाहीत. मग त्यांचे जिणे वाया गेले का? त्यांनी टाकलेली माती काढून घ्या, पाळ उभी राहील का? नाव राहिले नाही, पण काम राहिले. बाप हो, पोरगा नाव काढील का, हे जरूर विचारा. पण तो कोणाच्या उपयोगी पडेल का, हे आधी विचारा.

तुम्ही म्हणाल, गुरुजी, ही जुनी गोष्ट झाली. तर अलीकडची सांगतो.

बाबा आमटे १९१४ साली हिंगणघाटला जन्मले. घर मालगुजाराचे, कशाला कमी नाही. पुढे ते वकील झाले. वरोऱ्याला वकिली चांगली चालली. गावाच्या हिशेबाने माणूस 'मोठा' झालाच होता. पण त्यांचे मन तिथे रमले नाही. ज्या कुष्ठरोग्यांना घरचे लोकही दूर लोटत, त्यांच्यात ते आणि साधनाताई जाऊन राहिले. वरोऱ्याजवळ ओसाड जमीन होती. बरोबर सहा रोगी, एक लंगडी गाय, एक कुत्रा आणि खिशात चौदा रुपये. अशी १९५१ साली आनंदवनाची वस्ती सुरू झाली.

त्या रोग्यांनी विहीर खणली, शेती केली, घरे बांधली. १९६४ साली तिथे महाविद्यालयही निघाले. ज्यांना गावाने बाहेर काढले, त्यांच्या अंगणात गावाची पोरे शिकायला गेली! बाबा २००८ साली गेले. त्यांनी रोग्यांना भीक घातली नाही, काम दिले. माणसाला आपण कोणाच्या तरी कामाचे आहोत असे वाटले, की तो ताठ उभा राहतो.

आपल्याला वकिली सोडायची नाही. वकिली आहे कोणाकडे? आपल्यापुढचे काम लहान आहे, पण खरे आहे.

१९५१ साली मालगुजारी गेली आणि बहुतेक तलाव सरकारकडे आले. मालगुजारीत वेठही होती, ती गेली हे बरेच झाले. पण पुढे कित्येक तलाव गाळाने भरले. "तलाव सरकारचा, आपल्याला काय?" असे आपण म्हणू लागलो. कोणी दरवर्षी हातभर पुढे सरकतो आणि तलावाच्या पोटात बांधी काढतो. त्याची जमीन वाढते. लोक म्हणतात, हुशार आहे, मोठा झाला. पण तेवढे पाणी कमी साठते. रोवणीच्या वेळी पावसाने दगा दिला, की खालच्याचे पऱ्हे वाळतात. दहा घरांचे पाणी घेऊन एक घर वर आले. याला मोठेपण म्हणायचे का?

लग्नाचेही तसेच. चार दिवस लोकांनी मोठे म्हणावे म्हणून बाप शेत गहाण टाकतो. लोक जेवून घरी जातात. व्याज मात्र जात नाही.

म्हणून माझे एवढेच सांगणे आहे. आपले माप आपण बदलू या. रात्री अंथरुणावर पडल्यावर मनाला विचारा : आज माझ्यामुळे कोणाचे काम सोपे झाले? माझ्या धुऱ्यावरून खालच्याला पाणी गेले, की मी ते अडवले? आणि माझ्या मागे माझ्या पोरांना काय मिळेल, कर्ज की भरलेला तलाव?

आता तुम्हाला वाचता येते. सातबारा वाचा. कर्जाचा कागद अंगठा न लावता, वाचून मग सही करा. आणि शेजारच्या आजीला तिच्या लेकाचे पत्र वाचून दाखवा. त्या दिवशी, भाऊ, तुम्ही मोठे झालात असे मी म्हणेन.